‘घरचं ते खरं’ या समजाविरुद्ध

प्रवास आणि खाणं या विषयावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक मत फार प्रतिष्ठेला पोचलं आहे. कुठल्याही प्रदेशाची खरी चव तिथल्या घरांत असते आणि हॉटेलात मिळते ती तिची बाजारू नक्कल, असं ते मत. म्हणून जाणत्या प्रवाशाने उपाहारगृहं टाळावीत, ओळखीपाळखी काढाव्यात किंवा पैसे मोजावेत, पण कुणाच्या तरी घरी पान मांडून घ्यावं, असा त्याला जोडून सल्ला. हे सांगणारी माणसं उथळ नाहीत. महामार्गावरच्या हॉटेलांत नाशिकपासून नांदेडपर्यंत तेच पनीर बटर मसाला, तीच केशरी ग्रेव्ही आणि तेच ‘व्हेज कोल्हापुरी’ खाऊन ती वैतागली आहेत. वैताग रास्त आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. खाद्यपदार्थांचा इतिहास त्याच्या विरोधात जातो आणि आपल्या समाजात कोण कुणाच्या घरात पाऊल टाकू शकतो, हा प्रश्न तर त्यात कुणी विचारलेलाच नाही.

नक्कल म्हणायची तर आधी मूळ दाखवावं लागतं. दिल्लीच्या बटर चिकनचं मूळ कुठल्या घरात आहे? पेशावरहून फाळणीत दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी यांनी दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ उभं केलं. तंदुरात भाजलेली कोंबडी उरली की सुकते, या रोजच्या धंद्यातल्या अडचणीवर टोमॅटो, लोणी आणि साय घातलेल्या रश्शाचा उपाय निघाला. तो नेमका कुणाच्या हातून निघाला, यावरून दोन्ही घराण्यांचे वारस 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. भांडण श्रेयाचं आहे. हा पदार्थ धंद्याच्या भटारखान्यात जन्मला, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

बंगळूरची रवा इडली घ्या. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथून येणारा तांदूळ थांबला आणि देशभर टंचाईच्या झळा लागल्या. त्या युद्धकाळात ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ म्हणजे एमटीआरच्या मुदपाकखान्यात तांदळाऐवजी रवा घेऊन इडली करून पाहिली गेली, असं ते उपाहारगृह सांगतं. याच एमटीआरचे यज्ञनारायण मय्या 1951 मध्ये युरोपला गेले ते तिथली उपाहारगृहं कशी चालतात हे पाहायला. परत आल्यावर त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत सुरू केली. पुढे आणीबाणीत पदार्थांच्या किमती सरकारने इतक्या खाली बांधून दिल्या की दर्जा राखून धंदा चालेना. तेव्हा एमटीआर तयार पिठांच्या पाकिटांकडे वळलं. आज देशभर, आणि शिकागोपासून सिडनीपर्यंत मराठी घरांतही, त्या पाकिटातून रवा इडली होते. इथे नक्कल कोण कुणाची करतं आहे? हॉटेलातला पदार्थ घरात आला आणि घरचा झाला.

महाराष्ट्रातही दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. बटाटेवडा पावात घालून विकण्याचं श्रेय 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिलं जातं. मिसळीचं तर घरच दुकान आहे. कोल्हापूरचा कट वेगळा, पुण्याची पोहे-चिवड्याची बैठक वेगळी, नाशिकची वेगळी, आणि घरी मिसळ करणारी बाई किंवा बाप्या मनात कुठल्या तरी ठरावीक दुकानाचाच कट धरून फोडणी घालत असतो. कर्जतला दिवाडकरांचा वडा नावारूपाला आला त्याचं कारणही स्वयंपाकघरात नाही, लोहमार्गावर आहे. बोरघाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, त्यासाठी गाडी कर्जतला थांबते, आणि त्या थांब्यात भुकेला प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढतो. वडा, चटणी, कागद, सुटे पैसे, शिट्टी. या पदार्थाची खरी चव शोधायला कर्जतच्या कुठल्या घरात जायचं?

प्रवासी आला म्हणून खानावळ आली, हा क्रम जगभर जुना आहे. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात खायफंग ही राजधानी होती. तिथे दक्षिणेकडून आलेल्या अधिकाऱ्यांना उत्तरेचं जेवण मानवत नसे, म्हणून दक्षिणी पद्धतीची भोजनगृहं निघाली. मंग युआनलाव याने 1147 मध्ये त्या नगरीच्या आठवणी लिहिल्या, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी फर्माईश तोंडपाठ ठेवून आत सांगणाऱ्या वाढप्यांचं वर्णन आहे. पण तोवर ती नगरी राहिली नव्हती. 1127 मध्ये खायफंग शत्रूच्या हाती पडलं, दरबार आणि लोक दक्षिणेला हांगचौला गेले, आणि आता उत्तरेचं जेवण परदेशी झालं. तिथल्या पश्चिम सरोवराच्या काठी सुंग नावाची एक निर्वासित बाई माशाचं कढण विकायची. 1179 मध्ये सिंहासन सोडलेल्या सम्राट गाव्‌त्सुंगने ते चाखलं, आणि ही बाई आपल्याच गमावलेल्या नगरीतली आहे हे त्याला कळलं. ते कढण आजही हांगचौत त्या बाईच्या नावाने मिळतं. खायफंग आणि पेशावर यांच्यात आठ शतकांचं अंतर आहे, पण घडलं ते एकच. घर गेलं तेव्हा चव टिकवली ती दुकानाने. ज्यांचं घरच हिरावलं गेलं त्यांच्या अन्नाला ‘बाजारू’ म्हणताना जरा थांबायला हवं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. या सगळ्या पाककृती आल्या शेवटी घरांतूनच, हॉटेलांनी त्या फक्त विकल्या. काही बाबतीत ते खरं आहे. नागपूरचं सावजी जेवण हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतलं. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’चा बेरी पुलाव बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणमधल्या वास्तव्यात शिकून आणला. पण हेच दाखले उलट बाजूनेही वाचायला हवेत. सावजी रस्सा विणकरांच्या वस्तीबाहेरच्या माणसाला कधी चाखायला मिळाला? भोजनालयं निघाली तेव्हा. ब्रिटानिया 1923 पासून चालू होतं, आणि इराणी झेरेश्क घातलेला तो पुलाव तिथल्या पानात आला म्हणून गोदीतला कारकून, शेजारच्या कचेरीतला वकील आणि साताऱ्याहून मुंबई बघायला आलेलं कुटुंब एकाच दालनात बसून तो खाऊ शकलं. कोहिनूरांच्या घरी त्यातल्या कितीजणांना आमंत्रण मिळालं असतं? बोमन कोहिनूर 2019 मध्ये, 97 व्या वर्षी गेले. अखेरच्या वर्षांपर्यंत ते टेबलाटेबलाशी जाऊन अनोळखी माणसांची विचारपूस करत. हा पाहुणचार घरातल्या पाहुणचाराहून कमी प्रतीचा ठरवायला कुठलंही कारण नाही.

आता मुळातला प्रश्न. भारतात कुणाच्या घरी जेवायला कोण जाऊ शकतं?

‘तिथल्या एखाद्या घरी जेवा’ हा सल्ला देणाऱ्याने आपलं आडनाव, आपला धर्म आणि आपल्या ओळखी गृहीत धरलेल्या असतात. ज्याला परगावात भाड्याची खोली देतानाही आधी जात विचारली जाते, ताटात काय असतं हे विचारलं जातं, त्याला हा सल्ला कसा ऐकू येत असेल? आपल्याकडे रोटीबंदी पाळली गेली ती घरांत. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाची पंगत कुठे बसते, कुणाचं पान अंगणात मांडायचं, कपबशी वेगळी कुठे ठेवायची, हे सगळे नियम त्याच स्वयंपाकघरांनी शतकानुशतकं राखले, ज्यांना आता खऱ्या चवीचं माहेर म्हटलं जातं. आणि घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबतो. भारतीय राज्यघटनेच्या कलम 15 च्या दुसऱ्या खंडात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख करून सांगितलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून तिथला प्रवेश कोणत्याही नागरिकाला नाकारता येणार नाही. घटनाकारांना उपाहारगृहाचं नाव घेऊन लिहावंसं वाटलं, कारण अपमान कुठे होतो आणि बरोबरी कुठून सुरू करता येते हे त्यांना ठाऊक होतं.

उपाहारगृहं आपणहून उदार होती, असा दावा इथे नाही. ती तशी मुळीच नव्हती. वर ज्या एमटीआरचं कौतुक केलं त्याचं 1924 मधलं पहिलं नाव ‘ब्राह्मिन कॉफी क्लब’ होतं. मुंबई-पुण्यात, मद्रासमध्ये, म्हैसूरमध्ये पाट्यांवर जात लिहिलेली असे आणि आत बसायच्या जागा वेगळ्या असत. मद्रासमध्ये 1957 मध्ये पेरियार यांच्या अनुयायांनी ट्रिप्लिकेनमधल्या एका उपाहारगृहाच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून निदर्शनं केली, लोक पकडले गेले, आणि अखेर पाटी बदलली. मुद्दा इथेच आहे. उपाहारगृहाची पाटी रस्त्यावर असते, म्हणून तिच्यासमोर उभं राहून भांडता येतं. घराला पाटी नसते. तिथे नकार हसून, आदराने, ‘आज जरा अडचण आहे’ असं म्हणून दिला जातो, आणि त्याविरुद्ध निदर्शनं करता येत नाहीत.

कोल्हापूरचा प्रसंग मराठी माणसाला सांगायला नको, तरी या वादात तो कुणी आणत नाही म्हणून सांगायला हवा. राजवाड्याच्या तबेल्यात कामाला असलेले गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. कांबळ्यांनी भर शहरात चहाचं दुकान काढलं, ‘सत्यसुधारक हॉटेल’. अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना. हे कळल्यावर महाराजांनी गाडी त्या दुकानासमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः तो चहा घेतला, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजला. राजाला आपल्या वाड्यात सहभोजन घालता आलं असतं. त्याने निवडलं ते रस्त्यावरचं दुकान, कारण जे चारचौघांत मोडायचं होतं ते चारचौघांतच मोडावं लागतं. कोल्हापुरात जाऊन मिसळीच्या आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या याद्या घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने हा चहा त्या शहराच्या खाद्य-इतिहासात सगळ्यात वर लिहिला पाहिजे.

घराची भलामण करणारे आणखी एका गोष्टीकडे पाठ फिरवतात, ती म्हणजे कष्ट. ‘आजीच्या हातची चव’ म्हणताना त्या हाताला पगार नव्हता, सुट्टी नव्हती आणि बहुतेकदा नावही नव्हतं, याचा विसर पडतो. फ्रान्समधल्या ल्याँ शहरात श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात त्या घरांतून बाहेर पडल्या आणि त्यांनी आपापल्या खानावळी काढल्या. त्यांच्याच परंपरेतली, शेतावर वाढलेली यूजेनी ब्राझिए. 1921 मध्ये तिने स्वतःचं भोजनगृह थाटलं, आणि 1933 मध्ये मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक ठरली, तेही एकाच वेळी आपल्या दोन भोजनगृहांसाठी. पुढे जगभर गाजलेला पोल बोक्यूझ तरुणपणी तिच्याच हाताखाली राबला. मालकाच्या घरात राहिली असती तर तिचं जेवण जेवलेल्या पाहुण्यांनी यजमानांचे आभार मानले असते.

मुंबईच्या गिरणगावात याहून मोठी गोष्ट घडली. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहत, आणि त्यांना दोन वेळचं जेवण देणाऱ्या खानावळवाल्या चाळींमधून राबत. डाळ-तांदूळ उधारीवर, व्याज सावकाराचं, आणि कामगारांचा पगार झाला की हिशेब. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेची दारं उघडली. कोकण, घाट आणि देश या तिन्ही ठिकाणच्या जिभांना सांभाळणारं जे जेवण मुंबईत तयार झालं, ते या बायकांनी घडवलं. ते घरात शिजत होतं हे खरं, पण ते टिकलं आणि त्या बाईच्या हातात पैसा आला तो धंदा म्हणून. हॉटेलांच्या मोऱ्यांवर लहान पोरांनीही वर्षानुवर्षं कपबशा विसळल्या, हे विसरून चालणार नाही. पण ही बालमजुरी ज्या आदेशाने बंद करायला सरकार निघालं, 10 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या त्या आदेशात ढाबे आणि हॉटेलं यांच्याबरोबर घरकामही होतं. घर तिथेही सोवळं नव्हतं.

अनेकांना अजून एक साधी गोष्ट लक्षात येत नाही. पाहुणा म्हणून घरी गेलं की त्या घरातलं रोजचं जेवण मिळतच नाही. पाहुण्यासाठी पुरणपोळी होते, कोंबडी कापली जाते, ठेवणीतली भांडी निघतात, आणि पाहुणा समजतो की हे लोक असं जेवतात. बुधवारी दुपारी एक वाजता त्या गावातला मेकॅनिक, तलाठी, शाळेतले गुरुजी आणि बाजाराला आलेला शेतकरी काय खातो, हे बघायचं असेल तर एसटी स्टँडजवळच्या खानावळीला पर्याय नाही. मालवणात किंवा रत्नागिरीत दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले मासे आणि त्यांचे भाव वाचले की त्या दिवशी बंदरात काय उतरलं ते कळतं. बांगडा स्वस्त असेल तर जाळी भरून आली आहेत. सुरमईसमोर भाव लिहिलेला नसेल तर विचारूनच घ्यायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा फळ्यावर सुका बांगडा, सोडे आणि खाडीचे मासे येतात, आणि तो काळ त्या किनाऱ्याने कायम असाच काढला आहे. पणजीत सकाळी कॅफे टाटोत किंवा कॅफे भोसलेत बसलं की शेजारचा माणूस पातळभाजी मागतो की सुकी की मिक्स, पाव घेतो की पुरी, बरोबर मिरची घेतो का, यावरून गोव्याचा तो दिवस सुरू होताना दिसतो. किनाऱ्यावरची शॅक बघून गोव्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी सकाळी आठला या कॅफेत बसून बघावं. दुपारी साध्या ताटात हुमण, तिसऱ्यांचं सुकं, किस्मूर आणि सोलकढी येते, ती पर्यटकांसाठी शोधून काढलेली नसते. तिथे रोज येणारा सरकारी कर्मचारी ती बिघडली तर उद्या समोरच्या दुकानात जाईल. रोजच्या गिऱ्हाइकाचा हा धाक घरातल्या पाहुणचाराला कधीच नसतो.

माटुंग्याचं ‘रामा नायक उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ 1942 पासून केळीच्या पानावर जेवू घालतं आहे. लहानपणी स्वयंपाकघरांत हरकाम करत मोठ्या झालेल्या माणसाने ते काढलं. तिथे रांगेत उभं राहावं लागतं, शेजारी कोण बसेल हे ठरलेलं नसतं, आणि पान उचललं की दुसरा बसतो. त्या काळात मुंबईत नोकरीला आलेल्या दक्षिणी तरुणासाठी ते घराची उणीव भरून काढणारं ठिकाण होतं, आणि आज चेंबूर-ठाण्याच्या मराठी कुटुंबांना रस्सम आणि सांबार यांतला फरक तिथेच कळतो. प्रवासातलं लक्षात राहिलेलं जेवण म्हणून लोक ज्या जागा सांगतात त्यांत अशाच जागा असतात. परक्याला न विचारता वाढणं आणि परक्याच्या शेजारी निमूट बसणं, दोन्ही तिथे घडतं.

लोकप्रिय झालं की ठिकाण बिघडतं, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. रांगा वाढतात, भाव वाढतात, दुसरी-तिसरी शाखा निघते आणि मूळचा हात हरवतो, हे अनेक ठिकाणी दिसतं. पण त्यावर उपाय प्रवाशाने पाठ फिरवणं हा नाही. सिंगापूरने दुसरा रस्ता दाखवला. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना 1970 च्या दशकात तिथल्या सरकारने नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या मोठ्या केंद्रांत गाळे दिले. एकेका गाळ्यात एकेक माणूस एकच पदार्थ वर्षानुवर्षं करत राहिला. 2016 मध्ये चायनाटाउनमधल्या अशाच एका गाळ्यावर सोया सॉसमधली कोंबडी आणि भात विकणाऱ्या चान हाँ मंग यांना मिशलँचा एक तारा मिळाला. त्या वेळी ती थाळी साधारण दोन सिंगापुरी डॉलरला मिळत होती. 2021 मध्ये तारा गेला, तरी गाळ्यासमोरची माणसं गेली नाहीत. आणि 2020 मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एका देशाने जगासमोर आपला खाद्यवारसा म्हणून ठेवलं ते आजीचं स्वयंपाकघर नव्हतं, फेरीवाल्यांचे गाळे होते.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळू, कारण वरवर ते अगदी विरुद्ध दिसतात. मराठी सहलींच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं ‘आपलं घरगुती जेवण’ हे सर्वांत मोठं आमिष असतं. बरोबर महाराज असतो, डबे असतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये वरण-भात आणि बँकॉकमध्ये बटाट्याची भाजी मिळते. ज्यांना पथ्य आहे, वय झालं आहे किंवा श्रद्धेने काही वर्ज्य आहे त्यांच्यासाठी ही सोय हवीच आणि तिची टिंगल करणं निर्दयपणाचं आहे. पण धडधाकट चाळिशीतल्या माणसाने सात दिवसांच्या व्हिएतनाम सहलीत एकदाही तिथल्या टेबलावर बसू नये, हे दुर्दैवी आहे. हा आपलं घर बरोबर घेऊन जाणारा, आणि तो जाणकार दुसऱ्याचं घर शोधणारा. दोघांचा विश्वास एकच: अन्न शुद्ध असतं ते घरात, बाहेर ते भ्रष्ट होतं. हा विश्वास कुठून आला आहे ते वर सांगितलंच. सोवळ्याची भाषा गेली, पण तिचा आधार शाबूत राहिला.

व्हिएतनामचंच उदाहरण पुढे नेऊ. हनोईच्या जुन्या वस्तीत रंग विकणाऱ्यांची एक गल्ली होती. तिथे एका कुटुंबाने 1871 मध्ये नदीतल्या माशाचा एकच पदार्थ वाढणारी खानावळ काढली, ‘चा का’. ती इतकी नावाजली की गल्लीचंच नाव चा का झालं. मासा हळदीत मुरवतात, टेबलावरच्या शेगडीवर तेलात परततात, आणि वरून पातीच्या कांद्याबरोबर मूठभर शेपू घालतात. हळद आणि शेपू! ज्या मराठी माणसाला शेपूचा वास आवडत नाही म्हणून तो लहानपणी ताटावरून उठला, त्याला तिथे त्याच भाजीचं निराळंच रूप भेटेल. हे भेटवण्याची ताकद कुठल्याही सहलीबरोबर गेलेल्या महाराजात नाही. त्याच शहरात 2016 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा आणि खाद्य-प्रवासाचे कार्यक्रम करणारे अँथनी बोर्डेन यांनी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून ‘बुन चा’ खाल्लं. दोघांचं बिल सहा डॉलर होतं. जगातल्या सर्वांत शक्तिशाली माणसाला एखाद्या घरी जेवू घालणं व्हिएतनाम सरकारला अवघड नव्हतं. पण लोकांत बसून खाल्ल्यामुळे तो प्रसंग त्या शहराचा झाला, आणि आज कुणीही तिथे जाऊन त्याच पदार्थाची ताटली मागवू शकतो.

राहतो तो महामार्गावरच्या एकसारख्या ग्रेव्हीचा प्रश्न. त्याचा दोष खानावळवाल्याच्या माथी मारणं सोपं आहे, पण मागणी कोण करतं? गाडीतून उतरल्याबरोबर ‘पनीरमध्ये काय आहे’ विचारणारं कुटुंब जर रोज पन्नासदा येत असेल, तर मालक चुलीवरची भाकरी आणि पिठलं फळ्यावरून पुसणारच. सोलापूर रस्त्यावर ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, खानदेशात कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, विदर्भात झुणका आणि वांग्याचं भरीत अजूनही मिळतं, पण विचारावं लागतं. ‘आज ताजं काय आहे’ आणि ‘तुम्ही स्वतः काय जेवणार’ असं विचारल्यावर खानावळवाल्याच्या चेहऱ्यावर येणारा उत्साह ज्याने बघितला आहे, तो पुन्हा छापील मेनूकार्ड मागत नाही.

‘घरगुती जेवणाचा अनुभव’ म्हणून अनोळखी पर्यटकांकडून पैसे घेऊन जेवू घालणाऱ्यांच्या चोख कामाबद्दल आदर ठेवूनच एक गोष्ट नोंदवायला हवी: पैसे घेतले की तो खाद्यव्यवसाय झाला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 त्यालाही लागू आहे आणि नोंदणी त्यालाही हवी. तेही एक छोटं उपाहारगृहच आहे, फक्त त्याची जागा मर्यादित आणि भाव जास्त. मग ते खरं आणि कोपऱ्यावरची खानावळ खोटी, ही वाटणी कशाच्या जोरावर करायची?

महाराष्ट्रापुढे या बाबतीत प्रत्यक्ष काम पडलेलं आहे. आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि देवळांच्या यादीत एकेका दगडाची नोंद आहे, पण कुठल्या खानावळीत कुठला पदार्थ घडला, कुणी घडवला, कुठल्या गाडीच्या थांब्यामुळे किंवा कुठल्या गिरणीच्या पाळीमुळे तो टिकला, याची पद्धतशीर नोंद नाही. इराणी हॉटेलं जागेच्या किमतीपुढे एकेक करून बंद होत आहेत. गिरणगावातल्या चाळी पडून तिथे टॉवर उभे राहिले. ज्या बायकांनी तिथे कामगारांच्या पंगती वाढल्या त्यांतल्या अनेक आज वृद्ध आहेत, मुलांकडे डोंबिवलीला किंवा परत गावी राहतात. त्यांच्या मसाल्यांची प्रमाणं, उधारीच्या वह्या, गिरणी संपाच्या काळात बंद पडलेल्या चुली, हे सगळं अजून त्यांच्याकडून विचारून घेता येईल. विद्यापीठांच्या समाजशास्त्र आणि इतिहास विभागांनी, पर्यटन खात्याने आणि खाण्यावर एवढ्या आस्थेने लिहिणाऱ्यांनी पुढची काही वर्षं या कामाला द्यावीत, आणि सहल काढणाऱ्यांनी निदान एवढं करावं की मुक्कामाच्या प्रत्येक शहरात एक दुपार जेवणाशिवाय मोकळी सोडावी, तिथल्या चलनातले थोडे पैसे हातात द्यावेत आणि जवळच्या दोन-तीन खानावळींचे पत्ते कागदावर लिहून द्यावेत.